गावाकडची हवा शुद्ध असते, हे मोजलं कुणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज हवेची चौकट येते. शहराचं नाव, समोर एक्यूआय म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, तो वाढला की रंग लाल. चांगली सोय आहे, मी रोज बघतो. पण त्याच पेपरच्या आरोग्य पुरवणीत दर थंडीत एक सल्ला ठरलेला असतो, की चार दिवस गावाकडे जा, शुद्ध हवा खा, फुफ्फुसं मोकळी होतील वगैरे. माझा प्रश्न एवढाच आहे की गावाकडची हवा शुद्ध आहे हे मोजलंय कुणी? कारण त्या चौकटीत एकाही खेड्याचं नाव मी आजवर बघितलेलं नाही, आणि जे मोजलंच नाही ते शुद्ध आहे हे तुम्हाला कळलं कसं?

यावर लगेच कोणीतरी म्हणेल की मोबाईलवर कुठल्याही गावाचा आकडा दिसतो की. दिसतो, पण तो बहुतेक वेळा तिथे मोजलेला नसतो, हिशोबाने काढलेला असतो. मोजणारी स्टेशन्स महाग असतात, त्यांना वीज लागते, माणूस लागतो, म्हणून ती जिथे लोकवस्ती दाट तिथे बसतात, म्हणजे शहरात. मधल्या मोकळ्या पट्ट्यासाठी उपग्रहाचा डेटा, वाऱ्याचा अंदाज आणि लांबच्या स्टेशनचे आकडे एकत्र करून कॉम्प्युटर एक संख्या देतो. उपग्रहाला वरून दिसते ती हवेची सगळी उभी उंची, जमिनीपासून पाच फुटांवर तुमच्या-माझ्या नाकाशी काय आहे ते त्यावरून ताडावं लागतं, ढग असले की तेही बोंबलतं. शिवाय त्याला दिसतात ते कण आणि काही ठरावीक वायू. बांधावरून आलेली औषधाची वाफ त्याला दिसत नाही. अ‍ॅपवरचा हिरवा रंग बघून निर्धास्त होणाऱ्यांनी हे एवढं लक्षात ठेवावं.

आणि मुळात गावात हवा चांगली की वाईट हे लोक दोन गोष्टींवरून ठरवतात, धूळ दिसते का आणि वास येतो का. या दोन्ही परीक्षांत सगळ्यात त्रासदायक वायू आरामात पास होतात. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही. शेणमूत्राच्या बंद टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाईड तर त्याहून डांबरट, थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो, माणसाला वाटतं गेला वाटतं वायू, आणि तो खाली उतरतो. अशा टाकीत एक पडला म्हणून दुसरा वाचवायला गेला आणि दोघंही गेले, अशा बातम्या जगभरातून येतात, तुम्हीही छापता, फक्त त्या "दुर्घटना" या मथळ्याखाली येतात, हवेच्या बातम्यांत नाही.

आता ओझोन. ओझोन म्हटलं की शाळेत शिकलेला वरचा थर आठवतो, जो आपल्याला ऊन्हापासून वाचवतो, त्यामुळे खाली ओझोन आहे म्हटलं तर लोक म्हणतात बरंच झालं की. वर आहे तो कामाचा, खाली आहे तो फुफ्फुसाला आणि पिकाला दोघांना जाळणारा. हा कुठल्याच चिमणीतून बाहेर पडत नाही. गाड्या, वीज केंद्रं, कारखाने यातून नायट्रोजन ऑक्साईड निघतात, पेट्रोल, सॉल्व्हंट, रंग यांच्या वाफा निघतात, झाडंही आपापल्या परीने आयसोप्रीनसारख्या वाफा सोडतात (म्हणून झाडं तोडायला निघू नका, कोणीतरी हा अर्थ नक्की काढेल), आणि या सगळ्यावर कडक ऊन पडलं की ओझोन तयार होतो. गंमत अशी की शहराच्या भर चौकात तो कमी असतो, कारण गाड्यांमधून ताजा ताजा निघणारा नायट्रिक ऑक्साईड त्याला तिथल्या तिथे खाऊन टाकतो. तोच धुरकट लोट वाऱ्याबरोबर शहराबाहेर पडला, वाटेत ऊन खात गेला, की काही तासांनी शेतशिवारावर ओझोन वाढतो, आणि तिथे त्याला खाणारा ट्रॅफिक नसतो. म्हणजे धूर शहराचा आणि त्यातून पिकलेला वायू खेड्याच्या वाट्याला. दुपारी साधारण दोन-चारच्या सुमाराला हा सगळ्यात जास्त असतो, नेमका जेव्हा माणूस शेतात वाकलेला असतो आणि दम लागला तरी ऊन्हामुळे लागला असंच समजतो.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास पालेभाज्यांची पानं चंदेरी, ब्राँझसारखी पडायला लागली, शेतकरी हैराण, कारण रोगही सापडेना आणि कीडही. हागेन-स्मिट नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते, अननसाला वास कशामुळे येतो यावर काम करणारे, त्यांनी हायड्रोकार्बनच्या वाफा आणि नायट्रोजन डायऑक्साईड ऊन्हात एकत्र ठेवून झाडांवर सोडले आणि तसेच डाग पाडून दाखवले. म्हणजे शहराच्या हवेचं कोडं सुटलं ते शेतातल्या पानामुळे, आणि इतक्या वर्षांनी मोजणीची यंत्रं मात्र बहुतेक शहरात, याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात.

पानावर ओझोनची खूण कशी ओळखायची ते सांगतो, कारण हे कृषी सल्ल्याच्या सदरात कधी वाचलं नाही. जुनी, खालची पानं आधी बघायची. वरच्या बाजूला शिरांच्या मधल्या जागेत बारीक बारीक ठिपके, तपकिरी नाहीतर जांभळट, टाचणीच्या टोकाएवढे, शीर मात्र हिरवीच राहते. पान उलटं केलं की खालची बाजू बहुतेक वेळा स्वच्छ. बुरशी असेल तर खालून पांढरी-राखाडी वाढ सापडू शकते, कीड असेल तर जाळं, अंडी, विष्ठा काहीतरी सापडतं, इथे काहीच नाही. मग होतं काय की शेतकरी फोटो काढून दुकानात दाखवतो, दुकानदार एक औषध देतो, ते मारलं जातं, ठिपके तसेच राहतात, मग दुसरं औषध. हवेमुळे झालेल्या दुखण्यावर हवेतच आणखी रसायन. गहू आणि सोयाबीन ही दोन पिकं ओझोनला खास नाजूक आहेत हे अभ्यासातून वारंवार दिसलेलं आहे, आणि ठिपके न दिसताही उतारा कमी येऊ शकतो, म्हणजे नुकसान झालं हे कळायलासुद्धा मार्ग नाही, मोजल्याशिवाय.

इथपर्यंत शहराला शिव्या घालून झाल्या, आता आपल्याकडे वळतो, कारण दुसरा वायू आपणच सोडतो. अमोनिया. जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या अमोनियाचा बहुतांश भाग शेती आणि जनावरांतून येतो, युरोपात तर नव्वद टक्क्यांहून जास्त. युरिया जमिनीवर नुसता फेकला, वर ऊन, खाली थोडी ओल, पाऊस नाही आणि कुळवूनही घेतलं नाही, तर मातीतलं युरिएज नावाचं एन्झाइम त्याचं अमोनियात रूपांतर करतं आणि कधीकधी पाव हिस्सा नत्र उडून जातं. ज्याने पोतं विकत घेतलं त्याचंच नुकसान. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. हा अमोनिया हवेत नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाला भेटतो, जी गाड्या आणि कोळशाच्या धुरातून तयार झालेली असतात, आणि दोघांचे मिळून अमोनियम नायट्रेट, अमोनियम सल्फेटचे अतिबारीक कण होतात, अडीच मायक्रॉनच्या आतले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे तेच ते पीएम २.५ जे तुमच्या चौकटीत शहराच्या नावासमोर छापलं जातं. नुसता अमोनिया फार लांब टिकत नाही, पण कण झाला की कित्येक दिवस हवेत राहतो आणि शेकडो किलोमीटर जातो. २०१४ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये धुरक्याचा मोठा लोट आला होता, गाड्यांवर सम-विषमची बंदी आणावी लागली, आणि त्या कणांत अमोनियम नायट्रेटचा वाटा मोठा होता, कारण मार्च हा तिकडे शेतात खत टाकायचा महिना.

म्हणून शहर म्हणतं गावामुळे आणि गाव म्हणतं शहरामुळे हे भांडणच मला पोरकट वाटतं. अर्धा माल एकाचा, अर्धा दुसऱ्याचा, आणि तयार झालेला कण दोघांच्या छातीत. जर्मनीने २०२० पासून नियम केला की युरिया टाकायचा तर त्यात युरिएज थांबवणारा घटक पाहिजे, नाहीतर चार तासांच्या आत तो मातीत मिसळला पाहिजे. किती साधा नियम आहे बघा, यात शेतकऱ्याचंही नत्र वाचतं. उलट नेदरलँड्समध्ये वर्षानुवर्षं चालढकल झाली, मग २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजन सोडणाऱ्या कामांना परवाने द्यायची सरकारची पद्धतच रद्द ठरवली, बांधकामं अडकली, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. वेळेत लहान नियम केला नाही की पुढे मोठा दणका बसतो तो असा, आणि तो बसतो पण शेतकऱ्यालाच.

आता फवारणी, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. नोझलमधून थेंब बाहेर पडतात ते सगळे एका मापाचे नसतात. १०० मायक्रॉनचा थेंब दहा फुटांवरून जमिनीवर यायला साधारण दहा सेकंद लागतात. २० मायक्रॉनचा असेल तर चार मिनिटं. चार मिनिटांत अगदी मंद वारासुद्धा त्याला शेजारच्या शेतात, विहिरीवर, अंगणात, शाळेच्या पटांगणात नेऊन सोडतो. प्रेशर वाढवलेलं असलं की बारीक थेंबांचं प्रमाण वाढतं, नळी डोक्याएवढी वर धरली की ते आणखी लांब जातात, आणि औषध पिकावर कमी, गावावर जास्त. "धुकं कसं मस्त पडतंय" म्हणून कौतुकाने बघतात लोक, ते धुकंच तर प्रॉब्लेम आहे.

त्यात एक समज पक्का आहे की पहाटे किंवा तिन्हीसांजेला वारा पडलेला असतो तेव्हा फवारलं की औषध उडत नाही. अर्धं खरं. वाऱ्यात फवारू नये हे बरोबर, पण पूर्ण शांत हवा हीसुद्धा धोक्याची वेळ असू शकते. सूर्य मावळला की जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होते आणि वर उबदार हवा झाकण घालून बसते, याला इन्व्हर्जन म्हणतात. अशा वेळी बारीक थेंब वर जाऊन विरळ होत नाहीत, खालीही बसत नाहीत, तसाच एक दाट थर उताराने सरकत वस्तीत येतो. ओळखायची खूण सोपी आहे, धूर थोडा वर जाऊन आडवा पसरलेला दिसला, की समजा झाकण लागलंय, पंप खाली ठेवा. ऊन थोडं वर आल्यावर, मंद पण एकाच दिशेने वाहणारा वारा असताना, आणि तो वारा वस्तीकडे जात नसताना, ही त्यातल्या त्यात बरी वेळ.

बरं थेंब खाली बसला म्हणजे संपलं असंही नाही. काही रसायनं पानावरून, मातीवरून नंतर वाफ होऊन उठतात, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, ऊन तापलं की. डायकाम्बा नावाचं तणनाशक यासाठी कुप्रसिद्ध आहे. अमेरिकेत त्याला दाद न देणारं सोयाबीन आलं, लोकांनी उभ्या पिकात डायकाम्बा मारायला सुरुवात केली, आणि २०१७ च्या एका हंगामात ज्यांनी ते बियाणं लावलंच नव्हतं अशांच्या शेतातलं सुमारे ३६ लाख एकर सोयाबीन बाधित झाल्याची नोंद झाली, पानं कडेने वळून नुसत्या वाट्या. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर आलं. २०२० मध्ये कोर्टाने त्यातल्या मुख्य उत्पादनांची नोंदणी रद्द केली. आणि आपल्याच देशात केरळातलं कासरगोड कसं विसरणार, काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान नावाचं कीटकनाशक फवारलं गेलं, २००० पर्यंत, वर्षानुवर्षं, खाली घरं, ओढे, विहिरी, शाळा. सुप्रीम कोर्टाची बंदी यायला २०११ उजाडलं, त्याच वर्षी घातक रसायनं जगभर बंद करण्यासाठीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीतही ते गेलं.

आणि यातलं एकही फवारणीचं औषध एक्यूआयमध्ये धरलेलं नाही. कण, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साईड, सल्फर डायऑक्साईड, कार्बन मोनॉक्साईड, काही देशांत अमोनिया आणि शिसं, संपली यादी. म्हणजे उद्या प्रत्येक गावात एक्यूआयचं मशीन बसवलं तरी फवारणीच्या दिवशी ते हिरवंच दाखवू शकतं. ही पळवाट नाही, मोजमापाची मर्यादा आहे, पण ती कोणी सांगत नाही ना.

धुराबद्दल फार लिहीत नाही, त्यावर बरंच छापून आलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने घरातल्या चुलीच्या, कोळशा-रॉकेलच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात ३२ लाख माणसं गेली. पीक काढल्यावरचा काडीकचरा जाळणं सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट म्हणजे त्याच आगीत टाकले जाणारे औषधांचे रिकामे डबे, ठिबकचे जुने पाईप, मल्चिंगचे कागद. पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराईड आणि डायऑक्सिन ही विषं निघतात, आणि शेकोटीभोवती हात शेकत पोरं बसलेली.

लांबून येणारंही असतंच. कारखान्यांच्या चिमण्या उंच केल्या की जवळच्या वस्तीचा त्रास कमी होतो, पण वायू नाहीसा होत नाही, पुढच्या कुठल्यातरी रानात उतरतो. युरोपात हेच झालं, एका देशाचं गंधक दुसऱ्या देशाच्या तळ्यात, मासे मेले, म्हणून १९७९ मध्ये देशादेशांना हवेसाठी करार करावा लागला. आणि हे सगळं कळलं कसं? रानावनात, वस्तीपासून लांब मुद्दाम लावलेल्या मोजणीच्या स्टेशन्समुळे.

म्हणजे गावात मोजणं अशक्य आहे हे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. वीज न लागणाऱ्या, नुसत्या खांबाला टांगायच्या नळ्या मिळतात, आत एक शोषून घेणारा पदार्थ असतो, दोन-चार आठवडे टांगायच्या, झाकण लावून लॅबला पाठवायच्या, त्या काळातली सरासरी कळते. नायट्रोजन डायऑक्साईडसाठी आहेत, अमोनियासाठी आहेत. ब्रिटनमध्ये १९९६ पासून अमोनियाचं देशभराचं जाळं बऱ्याच अंशी अशाच साध्या साधनांवर चाललंय. याने तासातासाचा आकडा मिळत नाही, मान्य, पण आज आपल्याकडे बहुतेक गावांत वर्षाचाही नाही. स्वस्तातले लेझरवाले सेन्सर लोक हौसेने लावतात, लावू देत, फक्त एवढं माहीत असू द्या की ते फक्त कण मोजतात आणि दाट धुक्यात पाण्याचे थेंब मोजून आकडा फुगवतात, लगेच ओरड करू नये.

आणि फवारणीसाठी तर मशीनसुद्धा नको, आधी कळवलं तरी पुरे. कॅलिफोर्नियाने २०२५ च्या मार्चपासून राज्यभर अशी सोय सुरू केली आहे, जास्त घातक, निर्बंध असलेलं औषध कुठल्या एका चौरस मैलात मारलं जाणार आहे ते लोकांना आधीच मोबाईलवर कळतं. तिकडच्या काही शेतकरी संघटनांचा विरोध होता, की उगाच घबराट पसरेल. मला उलट वाटतं, शेजारी फवारतोय हे माहीत असलं की माणूस कपडे आत घेतो, पाण्याच्या टाकीवर झाकण टाकतो, दम्याच्या पेशंटला आत बसवतो, जनावरं हलवतो. घबराट न कळवल्याने होते.

शेतकऱ्याला बदनाम करू नका असं कोणी म्हणायच्या आत सांगतो, फवारणीचं औषध सगळ्यात जास्त ज्याच्या फुफ्फुसात जातं तो पंप पाठीवर घेतलेला माणूसच असतो, आणि बऱ्याचदा तो शेताचा मालकही नसतो, रोजाने आलेला असतो. मोजमाप झालं तर पहिला फायदा त्याचा आहे.

तर संपादक साहेब, विनंती अशी. चौकटीत प्रत्येक आकड्यासमोर तो स्टेशनवर मोजलेला आहे की अंदाजाने काढलेला, हे एका अक्षराने का होईना छापा. आणि येत्या फवारणीच्या हंगामात एखादा बातमीदार खेड्यांत पाठवून प्रदूषण खात्याला आणि कृषी खात्याला एकच प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारायला लावा, की फवारणीच्या दिवसांत गावातल्या हवेत काय असतं हे बघायची जबाबदारी तुमच्यापैकी कुणाची? दोघांची उत्तरं शेजारी शेजारी छापा.

आपला,
एक नियमित वाचक

ता.क. फवारताना तोंडाला रुमाल किंवा साधा कापडी मास्क बांधून काम भागत नाही, वाफ त्यातून सरळ आत जाते आणि कापड औषधाने ओलं झालं की ते नाकाशीच धरल्यासारखं होतं. कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, डब्यावरच्या लेबलवर कुठला ते पाहावं, आणि कार्ट्रिजची मुदत संपली की ते कार्ट्रिज फेकायचं, धुऊन परत वापरायचं नसतं. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण हे एवढं ठेवा.